एका दांड्याची किंमत

पुण्याहून चांदणी चौक ओलांडून पौड रस्त्याला लागलं, की भूगाव, भुकूम मागे टाकत पिरंगुटचा छोटासा घाट लागतो. एके काळी इथून पुढे मुळशीच्या भातखाचरांचा मुलूख सुरू व्हायचा. आंबेमोहोर आजही होतो, पण रस्त्याच्या आजूबाजूला आता पत्र्याच्या शेड उभ्या आहेत. कुठे रबराचं काम, कुठे प्लास्टिकचं, आणि बऱ्याच ठिकाणी लोखंड कातण्याचं. गेल्या वर्षी अशाच एका शेडमध्ये मी एक झिजलेला दांडा जुन्या फडक्यात गुंडाळून घेऊन गेलो होतो.

दांडा होता वडिलांच्या फियाटचा. १९६६ साली घेतलेली अकराशे सीसीची फियाट. तिच्या पाण्याच्या पंपातून गळती सुरू झाली होती आणि दोष निघाला पंपाच्या दांड्यात, म्हणजे शाफ्टमध्ये. नाना पेठेतली दुकानं पालथी घातली. जुन्या बाजारात दोन रविवार घालवले. मुंबईच्या मित्राला कुर्ल्याला पाठवलं. जे मिळाले, ते आमच्या दांड्याइतकेच झिजलेले होते. शेवटी कोणीतरी सांगितलं, पिरंगुटला एक मिस्त्री आहेत, ते एक नगसुद्धा करून देतात.

मिस्त्रींचं नाव मी सांगत नाही, त्यांना ते आवडणार नाही. त्यांनी दांडा उजेडाकडे धरून फिरवला, तीन ठिकाणी मायक्रोमीटर लावला, पाठकोऱ्या कागदावर काही आकडे लिहिले आणि म्हणाले, "एकच करायचा ना काका? तेहतीसशे होतील. टॅक्स वेगळा."

"एवढ्याशा दांड्याला?" माझ्या तोंडून निघून गेलं.

मंडळी, हा प्रश्न दुसऱ्या कोणी विचारला असता तर चाललं असतं. मला तो शोभणारा नव्हता. माझी सारी नोकरी एका मोठ्या कारखान्याच्या खरेदी खात्यात गेली. कोणत्या भागाला किती खर्च यावा, हे ठरवणं हेच माझं काम होतं. तरीही पाव किलो वजनाच्या पोलादाला तेहतीसशे रुपये ऐकून मी एखाद्या नवख्या गिऱ्हाइकासारखा दचकलो. मिस्त्री रागावले नाहीत. त्यांनी तो पाठकोरा कागद माझ्यापुढे सरकवला. त्या कागदाकडे मी परत येणार आहे. त्याआधी थोडं मागे जायला हवं, कारण त्यावरच्या आकड्यांचा उलगडा इतिहासातूनच होतो.

दोनशे वर्षांपूर्वी 'सुटा भाग' असं काही नव्हतंच. यंत्र एकाच कारखान्यात, एकाच हाताखाली तयार व्हायचं आणि प्रत्येक भाग कानशीने घासून शेजारच्या भागाशी जुळवला जायचा. एका यंत्राचा बोल्ट दुसऱ्याला बसत नसे. लंडनच्या हेन्री मॉडस्लेने एकोणिसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर आटे अचूक कापणारं लेथ रूढ केलं. त्याच्याच हाताखाली शिकलेल्या जोसेफ व्हिटवर्थने १८४१ मध्ये सुचवलं, की आट्याचा कोन सगळ्यांनी एकच धरावा, ५५ अंशांचा, आणि प्रत्येक जाडीच्या बोल्टला एका इंचात किती आटे हेही ठरवून टाकावं. आज हे अगदी साधं वाटतं. पण तोवर जगातला जवळपास प्रत्येक बोल्ट हा 'खास करून घेतलेला' बोल्ट होता, आणि त्याची किंमतही तशीच होती.

मोटार जन्माला आली तीसुद्धा अशीच, एकेक करून. श्रीमंताने मागणी नोंदवायची, कारागिरांनी महिनोन् महिने खपायचं. हा हिशेब उलटा केला हेन्री फोर्डने. १९०८ मध्ये त्याची मॉडेल टी ८५० डॉलरला मिळत होती. १९१३ मध्ये त्याने सरकत्या साखळीवर गाडी जोडायला सुरुवात केली. जिथे एका चासीला बारा तासांहून अधिक वेळ लागत होता, तिथे वर्षभरात तो सुमारे दीड तासावर आला. १९२५ मध्ये मॉडेल टीचा सर्वांत स्वस्त नमुना २६० डॉलरला मिळू लागला.

यात फोर्डने नेमकं केलं काय? पोलाद स्वस्त झालं नव्हतं आणि मजुरी तर त्याने वाढवलीच होती. त्याने केलं ते असं, की कामाआधीची सगळी तयारी एकदाच आणि प्रचंड खर्च करून केली आणि तो खर्च लाखो गाड्यांवर वाटून टाकला. कारखान्याच्या भाषेत या तयारीला आपण 'सेटिंग' म्हणतो. जॉब चकमध्ये धरायचा, तो मध्यावर आणायचा, योग्य टूल लावायचं, पहिला कट घेऊन माप तपासायचं. धातू कापायला लागतात वीस मिनिटं आणि ही तयारी खाते दोन तास. दहा हजार नग करायचे असतील, तर ते दोन तास कोणाच्या लक्षातही येत नाहीत. एकच नग करायचा असेल, तर ते सगळे त्या एकट्याच्या डोक्यावर बसतात.

फ्रेडरिक टेलर नावाच्या अमेरिकन अभियंत्याने धातू कापण्याच्या कलेवर २६ वर्षं प्रयोग केले आणि १९०६ मध्ये ते जगापुढे ठेवले. हातात घड्याळ घेऊन कामगाराच्या प्रत्येक हालचालीची वेळ मोजण्याची पद्धत रूढ झाली, ती त्याच्यापासून. आमच्या खात्यात आम्ही त्याचेच वारस. फक्त आम्ही मोजायचो ती कापण्याची मिनिटं. तयारीचे तास मोजायचा कंटाळा करायचो.

आता आपल्याकडे येऊ. मुंबईत १९२८ मध्ये जनरल मोटर्सने गाड्या जोडायला सुरुवात केली. सुटे भाग खोक्यांतून बोटीने यायचे आणि इथे जोडले जायचे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी अमेरिकन क्रायस्लरच्या, तर पुढे इटलीच्या फियाटच्या गाड्या बाहेर पडू लागल्या. १९५३ मध्ये सरकारने धोरण जाहीर केलं, की नुसती जोडणी चालणार नाही. ज्यांना भाग इथेच बनवायचे आहेत त्यांनीच राहावं. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी गाशा गुंडाळला. प्रीमियर राहिली. तिची फियाट पुढे 'प्रीमियर पद्मिनी' झाली आणि मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून घराघरात पोचली.

त्या काळातली टंचाई आजच्या मुलांना सांगून खरी वाटत नाही. नवी गाडी नोंदवून वर्षानुवर्षं थांबायचं. मिळालेली गाडी लगेच विकली तर वर 'ऑन' मिळायचा. सप्टेंबर १९६९ मध्ये सरकारने मोटारींच्या किमतीच कायद्याने ठरवून दिल्या. कारखानदार सर्वोच्च न्यायालयात गेले. चौकशी आयोग बसला. पोलाद किती, मजुरी किती, नफा किती धरायचा, यावर कलमाकलमाने खल झाला आणि नोव्हेंबर १९७१ मध्ये निकाल लागला. एका वस्तूची 'रास्त किंमत' काय, हे ठरवायला देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला बसावं लागलं, ही गोष्ट आमच्या व्यवसायातल्या माणसाने विसरू नये. खर्च मोजणं हे दिसतं तितकं सोपं काम नाही.

गाडीची किंमत सरकार बांधून देऊ शकत होतं. पण तिचा भाग रस्त्यात तुटला तर? परदेशातून मागवायचा तर आयात परवाना हवा, परकीय चलन हवं. इथला अस्सल भाग दुकानात येईल तेव्हा खरा. अशा वेळी गल्लीतला टर्नर कामाला यायचा. हिल्मनचा असो, लँडमास्टरचा असो, तुटका भाग समोर ठेवायचा आणि 'असाच करून दे' म्हणायचं. इंग्रजी गाड्यांना इंचाचे आटे, फियाटला मिलिमीटरचे. दशमान वजनमापांचा कायदा झाला १९५६ मध्ये, पण लेथवरचा माणूस 'सूत' आणि 'थाऊ' याच भाषेत बोलत राहिला. आमचे पिरंगुटचे मिस्त्री आजही तसेच बोलतात. यंत्राच्या पडद्यावर मिलिमीटर असतात आणि तोंडात 'दोन थाऊ घे अजून'.

त्या काळी हा टर्नर स्वस्तात काम कसं करायचा? उत्तर सोपं आहे. तो आपल्या वेळेची किंमत धरतच नव्हता. दिवसाची मजुरी सुटली की झालं. अस्सल भाग दुर्मिळ आणि महाग, कारागिराचे तास मुबलक आणि स्वस्त, असा तो काळ होता. आपल्या मनात बसलेली 'दांड्याची किंमत' ही त्या काळातली आहे. ती खरी किंमत कधीच नव्हती.

याच काळात पुणं बदलत होतं. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स खडकीला १९४६ पासून होती. १९६१ मध्ये भारत फोर्जची स्थापना झाली, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ आलं आणि पिंपरी-चिंचवड-भोसरीच्या माळावर शेड उभ्या राहू लागल्या. १९६६ मध्ये टेल्कोने पिंपरीला पाऊल ठेवलं. सुमंत मूळगावकरांनी तिथे आधी ट्रक बनवले नाहीत. आधी यंत्रं आणि हत्यारं बनवणारा विभाग उभा केला, मुलांना शिकवण्याची सोय केली. पुण्याचा ट्रक बाहेर पडला तो पुढच्या दशकात. म्हणजे एका अख्ख्या कारखान्याची 'सेटिंग' कित्येक वर्षं चालली होती. अशा टूलरूममध्ये शिकलेली पोरं पुढे बाहेर पडली. कोणी जुनं लेथ घेतलं, कोणी बायकोचे दागिने ठेवून मिलिंग मशीन आणलं, आणि मोठ्या कारखान्यांना भाग पुरवणारे शेकडो छोटे कारखानदार तयार झाले.

त्यांच्या दरपत्रकांवर सह्या करणाऱ्यांपैकी मी एक होतो.

एक प्रसंग सांगतो. १९८०च्या दशकातला आहे. एका छोट्या कारखानदाराने पंचवीस नगांसाठी दर दिला होता. नगाचा दर वेगळा आणि 'सेटिंग चार्जेस' अशी एक ओळ वेगळी. मी लाल पेनने ती ओळ खोडली आणि म्हटलं, "तुमची तयारी तुम्ही कशी करता, हा आमचा विषय नाही. नगाचा दर बोला." त्याने ऑर्डर घेतली. लेथ बसून राहण्यापेक्षा काहीतरी मिळतंय, हा त्याचा विचार. पुस्तकांतही तसंच लिहिलेलं असतं, की यंत्र मोकळं असेल तर पूर्ण खर्च भरून निघाला नाही तरी काम घ्यावं. पुस्तकात एक गोष्ट पुढे जोडायला हवी: एखाद्या वेळी. वर्षभर प्रत्येकाने तीच ओळ खोडली, तर तो माणूस रोज थोडंथोडं आपलं यंत्रच विकत असतो. तीन-चार वर्षांनी त्याने लेथ खरोखरच विकलं. त्या वर्षी खर्च वाचवल्याबद्दल मला साहेबांनी शाबासकी दिली होती. तेव्हा मला त्यात वावगं काही वाटलं नाही.

पिरंगुटच्या शेडमध्ये पाठकोऱ्या कागदाकडे बघताना मला ती लाल रेघ आठवली.

आता तो कागद वाचू. पहिली ओळ: पोलादाचा तुकडा, १०० रुपये. दुसरी: मापं घेणं आणि आकृती काढणं, दीड तास, ४५० रुपये. झिजलेल्या दांड्याचं माप घेऊन चालत नाही. तो मुळात किती जाड होता हे बेअरिंग आणि सील यांच्या मापांवरून काढावं लागतं. तिसरी: लेथचं काम, अडीच तास, ७५० रुपये. यातला कापण्याचा वेळ जेमतेम पस्तीस-चाळीस मिनिटं. चौथी: चावीची खाच, म्हणजे की-वे, ४०० रुपये. पाचवी: हार्डनिंग, ५०० रुपये. भट्टीवाला किलोवर दर लावतो, पण त्याचा किमान आकार असतो. पाव किलोचा दांडा द्या नाहीतर त्याच्या कितीतरी पट माल द्या, पाचशे द्यावेच लागतात. सहावी: ग्राइंडिंग, ६०० रुपये, तिथेही किमान आकार. बेअरिंग बसतं ती जागा एका थाऊच्या आत यावी लागते. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. वहीच्या कागदाच्या जाडीचे चार भाग केले तर त्यातला साधारण एक. सातवी: भोसरीला नेण्या-आणण्याचं पेट्रोल आणि पोराचा अर्धा दिवस, २०० रुपये. झाले तीन हजार. वर दहा टक्के.

"हे दहा टक्के नफा?" मी विचारलं.

"नफा कुठला काका? हार्डनिंगमध्ये वाकला, ग्राइंडिंगला माप गेलं, तर मी तुम्हाला परत पैसे मागायला येणार आहे का? दुसरा करावा लागतो. ते त्यातच."

तुमच्या लक्षात आलं असेल, पोलादाचे पैसे शंभर. बाकी सगळे पैसे तयारीचे, थांबण्याचे आणि जोखमीचे. कारखान्यातून येणाऱ्या भागात हे सगळं असतंच. फक्त ते लाख नगांत विरघळलेलं असतं, म्हणून दिसत नाही.

मिस्त्री मूळचे मुळशीच्या आतल्या खोऱ्यातले. वडील मुंबईत डबे पोचवायचे. मावळ-मुळशीतल्या कितीतरी घरांची ही कथा आहे. मुलगा वडिलांबरोबर गेला आणि कुर्ल्याला एका वर्कशॉपमध्ये लागला. टॅक्सीवाल्यांच्या फियाटी दुरुस्त करताकरता लेथ शिकला आणि परत येऊन इथे शेड घातली. आजोळचं गाव धरणाखाली गेलं, एवढंच ते त्याविषयी बोलतात.

मुळशीला किमतीचा प्रश्न नवा नाही. टाटा कंपनीच्या धरणासाठी इथली गावं जाणार, हे ठरलं तेव्हा १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, इथे सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट यांना 'सेनापती' ही पदवी मिळाली ती याच लढ्यात. सरकार आणि कंपनी मोबदल्याचे आकडे मांडत होते आणि मावळे 'जान किंवा जमीन' म्हणत होते. धरण झालं. पाणी बोगद्यातून कोकणात भिरा इथे उतरलं आणि वीज मुंबईच्या गिरण्यांना गेली. दुसऱ्याच्या वस्तूची किंमत बाहेरून ठरवणाऱ्याला तिच्यातलं काय दिसतं आणि काय दिसत नाही, हे या तालुक्याला शंभर वर्षांपूर्वी कळलेलं आहे. दांड्याची आणि जमिनीची तुलना मला करायची नाही. पण लाल पेन हातात असलेल्या माणसाने हे लक्षात ठेवलं तर बरं.

तुम्ही विचाराल, आता तर संगणकावर चालणारी यंत्रं आली, मग एकटा भाग स्वस्त का होत नाही? झाला आहे, बऱ्यापैकी. हेलिकॉप्टरच्या पात्यांची अवघड वळणं मोजण्याच्या खटपटीतून जॉन पार्सन्स या अमेरिकन माणसाला कल्पना सुचली आणि १९५२ मध्ये एमआयटी या संस्थेत भोकं पाडलेल्या पट्टीवरून हुकूम घेणारं मिलिंग मशीन चालवून दाखवण्यात आलं. त्याचीच वंशज म्हणजे आजची सीएनसी यंत्रं. मिस्त्रींकडेही एक जुनं विकत घेतलेलं सीएनसी लेथ आहे. पूर्वी ज्या भागाला वेगळी जिग-फिक्श्चर लागायची, त्याला आता प्रोग्राम पुरतो. पूर्वी शेकडो नग असल्याशिवाय जे परवडत नसे, ते आता वीस-पंचवीस नगांनाही परवडतं. पण प्रोग्राम कोणीतरी लिहावा लागतो, पहिला नग कोणीतरी भीतभीत काढावा लागतो. तयारी लेथवरून संगणकावर गेली, संपली नाही. याच मुळशी तालुक्यात हिंजवडीच्या काचेच्या इमारतींत बसून इंजिनीअर जगभरच्या मोटारींची डिझाइन्स करतात. त्यांच्या तासाचा दर कोणी खोडत नाही. तोच विचार पिरंगुटला पत्र्याखाली बसून केला, की तो 'एवढ्याशा दांड्याला' होतो.

मिस्त्रींकडे तरुण पोरंही येतात. कोणाला जीपची चाकं बाहेर काढायला ॲल्युमिनियमचे स्पेसर हवेत, कोणाला वेगळा सायलेन्सर. मिस्त्री काही कामं घेतात, काही नाही. स्टीअरिंगच्या आणि ब्रेकच्या भागांना ते हात लावत नाहीत. "तिथं तुटलं तर त्याचा रेट काय लावू?" असं विचारतात. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही बजावलं, की कारखान्याने दिलेल्या मूळ रचनेशी विसंगत बदल वाहनात करता येणार नाहीत. न्यायालयाआधी मिस्त्रींनी तो नियम स्वतःला घालून घेतला होता.

आणि माझ्यासारखी जुन्या गाड्यांची माणसं? आमची वेळ आता कुठे आली आहे. २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी 'व्हिंटेज' नोंदणीचे वेगळे नियम केले. नव्या नोंदणीला २० हजार रुपये आणि मूळ रूपात मोठा फेरफार नको, अशी अट. म्हणजे भाग मुळासारखाच हवा. दुसरीकडे, मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली आणि ३० तारखेपासून ती काळी-पिवळी फियाट रस्त्यावरून गेली. त्या दिवशी लोकांनी आठवणी काढल्या. माझ्या मनात वेगळाच हिशेब आला. हजारो टॅक्सी होत्या तोवर कोणीतरी त्यांचे भाग शेकड्यांनी करत होतं. टॅक्सी गेल्या, त्यांचं गिऱ्हाईक गेलं. मोटार एकेक करून जन्माला आली, लाखांनी वाढली, आणि म्हातारपणी पुन्हा एकेका भागावर आली. शंभर वर्षांत चक्र पूर्ण झालं. फरक इतकाच, की तेव्हा एकेक भाग करणारे हात पुष्कळ होते.

आज ते किती उरलेत? मिस्त्रींचा मुलगा हिंजवडीला जातो. लेथवर बसायला पोरगं मिळत नाही. शिकायला चार-पाच वर्षं लागतात आणि त्या वर्षांचे पैसे कोणत्याच दरपत्रकात नसतात. आम्ही सगळ्यांनी मिळून ती ओळ खोडली. मग आता शिकलेला माणूस मिळत नाही म्हणून तक्रार करण्याचा हक्क आम्हाला किती?

मी तेहतीसशे कबूल केले. तेव्हा मिस्त्री म्हणाले, "दोन करू का काका? दुसऱ्याला साडेपाचशेच पडतील."

बघा, पहिला तेहतीसशे आणि दुसरा साडेपाचशे. तेच पोलाद, तीच यंत्रं, तोच माणूस. दहा केले असते तर प्रत्येकी आठशे पंचवीस पडले असते. फोर्डचा सगळा इतिहास त्या एका वाक्यात होता. मी दोन करून घेतले. एक गाडीला बसला, पंप आता कोरडा आहे. दुसरा तेलाच्या कागदात गुंडाळून कपाटात ठेवला.

दोन महिन्यांनी कोल्हापूरहून एका गृहस्थांचा फोन आला. त्यांच्याकडेही तशीच फियाट, तसाच पंप, तसाच झिजलेला दांडा. माझ्याकडे एक जादा आहे, हे त्यांना कुठूनतरी कळलं होतं. किंमत काय सांगावी, यावर मी बराच विचार केला. साडेपाचशे सांगणं खोटं ठरलं असतं. पहिल्या दांड्याच्या तयारीवाचून दुसरा जन्मालाच आला नसता. शेवटी दोघांनी तयारी वाटून घ्यावी, हे मला रास्त वाटलं. दोन्ही मिळून अडतीसशे पन्नास, त्याचे निम्मे.

"एकोणीसशे पंचवीस," मी म्हटलं.

पलीकडे क्षणभर शांतता. मग आवाज आला, "एवढ्याशा दांड्याला?"

"तुमच्याजवळ पाठकोरा कागद आहे का?" मी विचारलं. "असेल तर घ्या. मी सांगतो, तुम्ही लिहून घ्या."

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)